स्वभावच तसा!

‘स्वभावाला औषध नाही’ ही म्हण ज्याने पहिल्यांदा उच्चारली, तो गृहस्थ मोठा सुखी असला पाहिजे. एकदा औषध नाही असे ठरले की वैद्याची धावपळ संपते, पथ्य संपते आणि नातेवाइकांची जबाबदारीही संपते. भाचा कर्जात बुडाला? स्वभावच उधळा! नवी सून बोलत नाही? स्वभावच घुमा! शेजारी वर्गणी देत नाही? चिकट हो, दुसरे काय! फराळाचे ताट पुढे घेऊन हा अंक चाळणाऱ्या वाचकांनी आज सकाळपासून किती जणांचे असे निकाल लावले, ते मनाशी मोजून पाहावे. मी मागच्या दिवाळीत मोजले होते. चकलीचा पहिला घाणा निघेपर्यंत सात झाले आणि मग मी मोजणे बंद केले.

मी व्यवसायाने मराठीचा मास्तर. अमरावतीच्या एका महाविद्यालयात मुलांना व्याकरण आणि वाङ्मयाचा इतिहास शिकवतो. मानसशास्त्र हा माझा विषय नव्हे. पण ग्रंथालयात आमच्या कपाटाला लागून त्या विषयाचे कपाट आहे, आणि शेजारच्या घरात डोकावण्याची सवय सुटत नाही. तिथे जे वाचले ते मला शहाणपणाचे वाटत होते. प्रत्यक्ष परीक्षेला बसलो तेव्हा मात्र मी नापास झालो. ती हकिगत आज सांगायची आहे.

आमचे मूळ गाव अकोला जिल्ह्यात, मूर्तिजापूरच्या बाजूला. तिथे माझा थोरला चुलतभाऊ शेती पाहतो. पाच एकर कोरडवाहू. निम्म्यात कपाशी, निम्म्यात सोयाबीन. या दादाविषयी माझा निकाल वीस वर्षांपूर्वीच लागलेला होता : उधळा माणूस. पाहुण्याला चहावर सोडणार नाही, बारशाला गेला तर शंभराऐवजी पाचशे ठेवून येईल.

गेल्या वर्षी भाद्रपदात थोरले काका वारले. सहाव्या दिवशी ओसरीवर भाऊबंद जमले. विषय तेरवीचा. दादा म्हणाला, “हजार पान तरी होईन. लोक म्हनतील, बापाले पानी पाजलं, पन गावाले घास नाही देला.” खर्च दीड लाखाच्या घरात जात होता. घरात रोकड वीस हजार. उरलेल्यासाठी एका खासगी सावकाराशी बोलणे झाले होते आणि बाकी उधाऱ्या मिळून त्याच्याकडूनच पुरते दीड लाख उचलायचे ठरत होते. दर शेकडा ३ रुपये महिना. मी मनातल्या मनात हिशेब केला. महिन्याला साडेचार हजार, वर्षाला ५४ हजार निव्वळ व्याज! दादाच्या मुलीला त्याच वर्षी अकोल्याच्या कृषी महाविद्यालयात प्रवेश मिळाला होता. तिची फी आणि वसतिगृहाचे पैसे सोयाबीनवर विसंबून होते. म्हणजे सोयाबीन सावकाराच्या घरी जाणार आणि पोर घरी बसणार, हे उघड होते.

ओसरीवर बावीस-तेवीस माणसे होती. कोणी पानाला चुना लावत होते, कोणी खांबाकडे पाहत होते. “जशी तुही मर्जी,” असे एकजण म्हणाला, बाकीच्यांनी माना हलवल्या. आणि मी? एम. ए. झालेला, चार लोकांत भाषणे करणारा मी हातातला पेला फिरवत गप्प बसलो. आपण शहरातले, आपण बोललो तर ‘पैसे द्यायला नको म्हणून शहाणपण शिकवतो’ असे म्हणतील, असे मला वाटले.

त्या क्षणी मला कोणी विचारले असते, तर मी दोन उत्तरे दिली असती. दादा का कर्ज काढतो? त्याचा स्वभाव उधळा. मी का गप्प बसलो? प्रसंगच तसा होता. दुसऱ्याच्या वेळी स्वभाव आणि आपल्या वेळी प्रसंग! ली रॉस नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७७ साली या खोडीचे बारसे केले. इतरांच्या वागण्याचे कारण शोधताना आपण परिस्थितीला फार कमी आणि स्वभावाला फार जास्त गुण देतो, निदानातली ही मूळ चूक आहे, असे त्याचे म्हणणे. चूक मूळ आहे खरी. माझी तर वीस वर्षे मुरलेली होती.

मग स्वभाव म्हणून काही नसतेच काय? तसे नाही. अमेरिकेत ऑलपोर्ट नावाचे दोन सख्खे भाऊ होऊन गेले. दोघेही हार्वर्डला शिकले, दोघेही मानसशास्त्राचे प्राध्यापक झाले. थोरल्याने, फ्लॉइडने, चारचौघांत बसलेला माणूस अभ्यासाला घेतला आणि १९२४ साली सामाजिक मानसशास्त्राचे पुस्तक लिहिले. धाकट्याने, गॉर्डनने, एकेकटा माणूस निवडला आणि १९३७ साली व्यक्तिमत्त्वावर ग्रंथ लिहिला. जणू वडिलार्जित वाड्याची वाटणीच : एकाकडे ओसरी, दुसऱ्याकडे माजघर.

त्या धाकट्या भावाचे एक काम आम्हा भाषेच्या मास्तरांना फार जवळचे वाटेल. माणसांचे स्वभाव किती तऱ्हेचे असतात, हे त्याने शब्दकोशाला विचारले. १९३६ साली ऑडबर्ट या सहकाऱ्याबरोबर इंग्रजीचा मोठा कोश चाळून माणसाचे वर्णन करणारे शब्द त्याने वेचले. ते भरले १७,९५३! त्यांतले सुमारे साडेचार हजार टिकाऊ स्वभावगुणांचे होते. पुढच्या पंडितांनी ही रास चाळता चाळता अखेर पाच मुख्य गुणांवर आणून ठेवली : नव्याची ओढ, कामातली कसोशी, बहिर्मुखता, मनमिळाऊपणा आणि चित्ताची चलबिचल. मराठीतही असा कोणी बसला तर त्याला साहित्याची वाण पडणार नाही. मायाळू, तापट, फटकळ, कोडगा, मुखदुर्बळ, आतल्या गाठीचा, आणि वऱ्हाडात आलात तर बह्याड! आपण रोज वापरतो ते अंतर्मुख आणि बहिर्मुख हे भेदही मूळचे स्वित्झर्लंडच्या युंगचे, १९२१ सालच्या ग्रंथातले. माणसामाणसांत फरक असतो, तो वर्षानुवर्षे टिकतो, हे खोटे नाही.

पण त्या फरकावर किती भरवसा ठेवावा? हार्टशोर्न आणि मे या दोघांनी १९२८ साली सुमारे ११ हजार शाळकरी मुलांच्या प्रामाणिकपणाची परीक्षा घेतली. परीक्षेत नक्कल करण्याची संधी, पैसे उचलण्याची संधी, खेळात लबाडी करण्याची संधी, अशा निरनिराळ्या कसोट्या लावल्या. दिसले ते असे की, परीक्षेत चोरून पाहणारा मुलगा पैशाला हात लावीलच असे नाही. ‘प्रामाणिक मुले’ आणि ‘लबाड मुले’ असे दोन सरळ ढीग काही पडेनात. जर्मनी सोडून अमेरिकेत आलेल्या कुर्ट लेविनने १९३६ साली हेच सूत्ररूपाने मांडले : माणसाचे वागणे हे तो माणूस आणि त्याच्या भोवतीची परिस्थिती या दोहोंवर अवलंबून असते. माजघर आणि ओसरी, दोन्ही पाहावी लागतात.

आता आमच्या ओसरीकडेच वळू. तिथे जे घडत होते ते सॉलोमन ॲशने १९५०च्या सुमारास प्रयोगशाळेत घडवून दाखवले होते. सात-आठ माणसे एका ओळीत बसवायची. एका पत्त्यावर एक रेघ, दुसऱ्यावर तीन. त्या तिघींपैकी पहिलीएवढी कोणती, एवढेच सांगायचे. लहान मूलही चुकणार नाही. पण ओळीतले एक सोडून बाकी सारे ॲशने आधीच पढवलेले असत. ते ठरवून, एका सुरात, चुकीची रेघ सांगत. बिचारा उरलेला एकटा काय करी? अशा फेऱ्यांपैकी जवळजवळ एकतृतीयांश वेळा तो डोळ्यांना दिसते ते सोडून लोक म्हणतात ते म्हणे. चारांतले तिघे निदान एकदा तरी असे वाहवले. एक चौथाई मात्र अखेरपर्यंत ढळले नाहीत. त्यांचीही आठवण ठेवू.

या सगळ्याला मराठीत एक दोन अक्षरी शब्द शतकानुशतके आहे : भीड. भीड ही भिकेची बहीण आहे, हेही आपल्या आजीबाईंनी सांगून ठेवले आहे. आमच्या ओसरीवर त्या दोघी बहिणी हातात हात घालून बसल्या होत्या.

पण ओसरीवर आणखी एक चमत्कार होता. ॲशच्या प्रयोगात इतरांना खरोखर पढवलेले असे. आमच्याकडे कोणीच पढवलेला नव्हता. प्रत्येकाला मनातून कर्ज नकोच होते आणि प्रत्येकाला वाटत होते की बाकीच्यांना ते हवे आहे. थोरला ऑलपोर्ट आणि त्याचा शिष्य कॅट्झ यांनी विद्यार्थ्यांची मते तपासताना ही तऱ्हा हेरली आणि १९३१ साली ती ग्रंथात नोंदवली. आपण तिला ‘सर्वांचा मिळून गैरसमज’ म्हणू. ज्या रूढीवर आतून कोणाचाच विश्वास उरलेला नाही, ती रूढी वर्षानुवर्षे अशीच जगते. कारण प्रत्येकजण दुसऱ्याची मान हललेली पाहून आपली हलवतो.

अशा माना थांबवायच्या कशा? आता मला परदेशातून परत वऱ्हाडात यायला हवे.

अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी २३ फेब्रुवारी १८७६ रोजी एका परिटाच्या घरी डेबूजी जन्मला. बाप दारूपायी लवकर गेला. पोर वाढले मूर्तिजापूरजवळ दापुऱ्याला, मामाच्या घरी. त्या मामाची जमीन सावकाराने कशी गिळली, हे त्यांच्या चरित्रकारांनी लिहून ठेवले आहे. याच डेबूजीने पुढे आपल्या मुलीच्या बारशाला भाऊबंदांच्या रिवाजाप्रमाणे दारू-मटण न करता गोडाचे जेवण घातले. ॲशच्या त्या न ढळणाऱ्या चौथाईतला हा माणूस! १ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि मडक्याचे खापर, म्हणजे गाडगे. लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले.

बाबांना अक्षरओळख नव्हती. पण दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे, या क्रमात किती मोठी मानसशास्त्रीय समज होती! अमेरिकेत रॉबर्ट चाल्डिनी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९० साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. वाहनतळावरच्या मोटारींच्या काचेवर जाहिरातीचा कागद अडकवून ठेवला. जागा आधीच घाण असली तर शंभरांतले ३२ जण तो कागद तिथेच टाकीत. जागा झाडलेली असली तर १४. माणसे तशीच, स्वभाव तेच. फक्त जमीन स्वच्छ. बाबा उपदेशाच्या आधी जमीन झाडीत, ते उगीच नव्हे.

आणि त्यांचे कीर्तन! ते व्याख्यान नव्हते, ती प्रश्नोत्तरे होती. बाबा श्रोत्यांना विचारीत आणि हजारोंच्या समुदायाकडून उत्तर वदवून घेत. कर्ज काढून सण करावा काय, देवापुढे बकरे कापावे काय, पोराला शाळेत घालावे की नाही, अशा धाटणीचे रोकडे प्रश्न. शेजारचा मोठ्याने ‘नाही’ म्हणतो आहे, हे प्रत्येकाच्या कानावर पडे. सर्वांचा मिळून असलेला गैरसमज तिथल्या तिथे फुटे.

या रीतीचे बळ किती, ते लेविनने १९४३ साली मोजून दाखवले. महायुद्धामुळे अमेरिकेत मांसाचा तुटवडा होता. गृहिणींनी जनावरांचे काळीज, मूत्रपिंड असे भागही रांधावेत, असे सरकारला वाटे. त्या बायका नाके मुरडीत. काही गटांना लेविनने तज्ज्ञांची उत्तम व्याख्याने ऐकवली. काही गटांत बायकांनाच बोलू दिले, अडचणी मांडू दिल्या आणि शेवटी ‘कोण करून पाहणार?’ म्हणून सगळ्यांदेखत हात वर करायला सांगितले. पुढे चौकशी केली तेव्हा व्याख्यान ऐकलेल्या बायकांपैकी शंभरात ३ जणींनी ते पदार्थ केले होते. हात वर केलेल्यांपैकी ३२ जणींनी. लेविन म्हणतो, चारचौघांत घेतलेला निर्णय मनात थिजून पक्का होतो. हा आकडा वाचल्यावर आम्हा व्याख्यात्यांची झोप उडावी!

तो निर्णय किती दिवस पक्का राहतो, हे मात्र लेविनने फार पुढवर तपासलेले नाही. ते मी पाहिले आहे.

ओसरीवर सगळे गप्प असताना आतल्या दाराच्या चौकटीला टेकून माझी आत्या बसली होती. वारलेल्या काकांची ती बहीण. वय ऐंशीच्या पुढे. ती म्हणाली, “बापू, एक इचारू काय? तुह्या बापानं जाताना काय मांगतलं?”

दादा म्हणाला, “पानी मांगतलं, आत्या.”

“गावजेवन मांगतलं काय?”

“नाही.”

मग ती समोरच्या एका पुतण्याकडे वळली. “तू सांग रे. तुह्या मायच्या तेरवीचं कर्ज फिटलं काय?”

तो खाली पाहत म्हणाला, “अजून दोन वर्सं हायेत.”

“मंग याले काऊन नाही सांगतलं?”

“त्याले वाईट वाटलं असतं.”

“अन् तुले? तुले गोड जेवाले पाह्यजे काय?” हा तिसऱ्याला. “मले कायले पाह्यजे?” तो पटकन म्हणाला. चौथा म्हणाला, मलाही नको. मग एकदम पाच-सहाजण बोलू लागले. ॲशच्या प्रयोगातही असेच दिसले होते : ओळीत एकच साथीदार खरे बोलला की एकट्या माणसाच्या चुका चौथ्या हिश्श्यावर येत. एवढ्यात आत्याची नजर माझ्याकडे वळली. “अन् तू रे मास्तर, कालेजात पोरायले काय शिकोतं? गप बसाले?”

मी काय उत्तर देणार? तोंडावर पदर घ्यायची सोय पुरुषांना नाही.

दादा उठून आत गेला. मला वाटले, रागावला. थोड्या वेळाने मी आत गेलो तर तो कणगीला टेकून रडत होता. “चार रात्री झोपलो नाही रे,” तो म्हणाला, “कोनी एकानं नाही म्हना, एवढीच वाट पाहून रायलो होतो.” वीस वर्षे ज्याला मी उधळा म्हणत होतो, तो माणूस भिडेला बांधलेला होता आणि ती दोरी धरणाऱ्यांत एक हात माझा होता.

तेरवी झाली. पिंडदान, घरची माणसे आणि खांदेकरी. साठ पाने, वरणभात-पोळी आणि वांग्याची भाजी. अठरा हजारांत सारे उरकले. सगळे गोड झाले असे मात्र सांगत नाही. दोघे भाऊबंद जेवायला आले नाहीत आणि त्यांतला एक दादाशी अजून बोलत नाही. पोर मात्र अकोल्याला गेली.

गावात पुढे चर्चा झाली : ‘म्हातारीचा स्वभावच फटकळ!’ मी ते आत्याला सांगितले. ती हसली. तिने सांगितले ते असे : ती अकरा-बारा वर्षांची होती तेव्हा मूर्तिजापूरला बाबांचे कीर्तन झाले. बाबांनी कर्जाचे विचारले आणि तिने बापाच्या खांद्याला धरून, सगळ्यांबरोबर ओरडून ‘नाही’ म्हटले. “हजार जनात नाही म्हनलं होतं,” आत्या म्हणाली, “आता ओसरीवर हो कसं म्हनू?”

बाबा २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीच्या वाटेवर वलगावनजीक गेले. समाधी आमच्या गाडगेनगरात आहे. मी कॉलेजला जातायेता तिथून जातो. त्यांच्या नावाने विद्यापीठ आहे. पूर्णेकाठच्या ऋणमोचनला त्यांनी बांधलेला घाट आहे. त्या गावाच्या नावातच कर्जमुक्ती आहे. पण त्यांचे खरे बांधकाम मला आत्याच्या त्या उत्तरात दिसले. न ढळणारी माणसे थोडी असतात आणि आपण सगळे तशी होऊ, हे काही खरे नाही. त्या थोड्यांचे मोठेपण इतकेच की, आपल्यासारख्या भिडस्तांनाही खरे बोलता यावे अशी जागा ते झाडून ठेवतात.

दिवाळीत घरोघर माणसे जमतील, ओसऱ्या भरतील. ओसरी नसेल तिथे सदनिकेचा दिवाणखाना. लग्नाचा खर्च, देण्याघेण्याच्या गोष्टी, मुलीचे शिक्षण, असा एखादा विषय निघेल आणि सगळे खांबाकडे पाहू लागतील. तेव्हा भाषण नको. एखाद्याला हळूच विचारावे, ‘तुम्हाला खरेच हवे आहे का हो?’ मीही या वर्षी विचारून पाहणार आहे.

परवाच दादाचा फोन आला. पोर सुट्टीवर आली आहे, फराळाला ये म्हणाला. ‘आता फटाक्यांत उधळू नकोस’ हे शब्द माझ्या जिभेवर आले होते. ते मी गिळले आणि येतो म्हणालो.